एका बरणीत सगळे बेडूक

आमच्या कॉलेजातले बेडूक दोनदा मेले. पहिल्यांदा फॉर्मॅलिनमध्ये बुडून; ते काम रीतसर झालं. दुसऱ्यांदा मूल्यांकन समिती येणार म्हणून. ते त्याहून रीतसर झालं.

समिती आली त्या आठवड्यात मी रजेवर होते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. परत आले तेव्हा वाशीच्या आमच्या कॉलेजातलं प्राणिशास्त्राचं संग्रहालय ओळखू येईना. संग्रहालय म्हणजे तसं काही फार नाही, तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली आणि भिंतीला लावलेली काचेची कपाटं. पण त्या कपाटांना नवीन ट्यूबलाइट लागल्या होत्या, काचा लख्ख पुसल्या होत्या आणि जिथे पूर्वी बाजारात मांडल्यासारख्या नाना आकारांच्या बाटल्या दाटीवाटीने उभ्या असत, तिथे एकाच मापाच्या मोठ्या बरण्या अंतर राखून बसवल्या होत्या. प्रत्येकीवर संगणकावर छापलेलं, प्लास्टिकच्या आवरणातलं लेबल. समितीने कपाटांपुढे उभं राहून फोटो काढून घेतला म्हणे. श्रेणीही चांगली मिळाली. प्राचार्यांनी विभागाचं अभिनंदन करणारं पत्रक काढलं, त्यात माझंही नाव होतं.

मी शेतबेडकांच्या कपाटापाशी गेले. तिथे एकच बरणी होती, पापडाच्या डब्याएवढी, आणि तिच्यात सगळे बेडूक गच्च भरलेले.

आमच्या विभागात एक तरुण सहकारी आहे, बीडकडचा. कामाला वाघ आणि बोलायला गोड. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला होता, आणि कौतुकाची वाट बघत होता हे मला पाठ फिरलेली असूनही कळत होतं.

“मॅडम, लेटेस्ट नाव टाकलंय,” तो म्हणाला. “नेटवर चेक करून. आपल्याकडं जुनंच नाव चाललं होतं.”

मी विचारलं, बाटल्यांच्या आत चिठ्ठ्या होत्या त्या कुठे आहेत? त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग आठवलं. त्या पिवळ्या पडल्या होत्या, घाण दिसत होत्या, पेन्सिलने लिहिलेल्या होत्या आणि नाव तर सगळ्यांवर एकच होतं. एकाच जातीच्या इतक्या बाटल्या कशाला, जागा अडते, म्हणून सगळं एकत्र केलं. चिठ्ठ्या कचऱ्यात गेल्या. कचरा महापालिकेच्या गाडीत गेला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तो मारुती प्लास्टिकच्या आवरणात माझ्यासमोर बसला होता.

मी काय हरवल्याबद्दल बोलते आहे ते कळायला त्या बेडकाची थोडी ओळख हवी. तुम्ही तो पाहिलेला आहे. पावसाळ्यात बांधावरून चालताना पायाखालून टुणकन उडी मारून जातो तो, मातकट, पाठीवर तुटक वळ्या असलेला, कधी पाठीच्या मधोमध फिकट रेघ असलेला. मोठा, पिवळा, डराव-डराव करणारा तो वेगळा. हा लहान, जेमतेम अंगठ्याएवढा किंवा दोन अंगठ्यांएवढा. या लहान बेडकाला पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या भारतभर एकच शास्त्रीय नाव लावलं गेलं. ते नाव मुळात जावा बेटावरच्या बेडकाचं. कुणीतरी तिथल्या बेडकाला नाव दिलं, मग इथे तसाच दिसणारा सापडला, त्यालाही तेच दिलं, आणि मग शोधायचं कामच संपलं. आपल्याकडे नवा माणूस भेटला की पाणी विचारायच्या आधी ‘गाव कुठलं तुमचं?’ विचारतात. बेडकाला ते कुणी विचारलंच नाही.

पुढे लोकांनी ऐकायला सुरुवात केली. एकाच भातखाचरात दोन वेगळ्या आवाजात हाका येतात, आणि मादी एका हाकेला जाते, दुसरीकडे ढुंकून बघत नाही, हे लक्षात आलं. मग पाय मोजले, बोटांमधला पडदा कुठपर्यंत येतो ते पाहिलं, टाचेजवळचा गाठीसारखा उंचवटा पाहिला, डीएनए पाहिला. एका नावाच्या पोटातून कितीतरी जाती निघाल्या आणि अजून निघतायत. वरचं वंशाचं नावही बदललं. मी शिकले तेव्हा सगळेच बेडूक ‘राना’ होते. वर्गातली मुलं समजायची की रानात राहतो म्हणून राना. मी शिकवायला लागले तोवर ते दुसरं काहीतरी झालं होतं, आणि आता तिसरं चालू आहे. मला या बदलांचा कधी त्रास झाला नाही. नाव हे आपलं मत असतं, मत बदलतं. पण हा प्राणी कुठल्या गावच्या कुठल्या पाण्यात पकडला, ही घडलेली गोष्ट असते. ती चिठ्ठी शाबूत असेल तर नाव शंभर वेळा बदला, काही बिघडत नाही. ती गेली तर बरणीत उरतो तो फक्त मेलेला बेडूक.

आणि आमच्या चिठ्ठ्या साध्या नव्हत्या. मी याच कॉलेजात शिकले. तेव्हाच्या आमच्या विभागप्रमुखांचा, त्यांना आम्ही थोरले सर म्हणायचो, एक नेम होता. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या पावसाळ्यात घरून एक रुंद तोंडाची रिकामी बाटली आणायची. सर तिच्यात औषध, म्हणजे फॉर्मॅलिन, ओतून द्यायचे. ती घरी न्यायची, आपल्या गावचा बेडूक तिच्यात टाकायचा आणि परत आणून द्यायची. कॉलेजकडे बाटल्यांना पैसे नव्हते म्हणून हे सुरू झालं असणार, पण सर सांगताना असं सांगायचे जणू गावाने मुलगी दिली आणि डबाही सोबत दिला. मग ते स्वतः पेन्सिलने चिठ्ठी लिहायचे, गाव, शिवार, पाणी कसलं होतं, आणि आत सोडायचे. तेव्हा इथे गावं होती, शिवारं होती. आज असं काही करायला परवानगी नाही आणि नसावीच. पण ते झालेलं होतं. खाडी आणि डोंगर यांच्या मधल्या सपाटीवर भात व्हायचा तेव्हाचे बेडूक आमच्या कपाटात होते, आणि हे शहर उभं राहण्याआधी ते कुठे राहत होते ते त्यांच्याजवळच लिहिलेलं होतं.

त्यात एक माझा होता.

आमचं गाव रबाळे आणि महापे यांच्या मधे, डोंगराच्या पायथ्याशी. जमीन कागदावर औद्योगिक वसाहतीला केव्हाच गेलेली होती, पण शेड उभी राहीपर्यंत बाप तिथे नांगरत राहिला. त्यातल्या शेवटच्या पावसाळ्यात मी बाटली घेऊन खाचरात उतरले. बाप बांधावर बसून बघत होता. “त्याच्यासाठी कालेजान जातंस?” त्याने विचारलं आणि खूप हसला. बाटली चौकोनी होती. आई वाशीच्या नव्या बिल्डिंगांत भाजी घेऊन जायची, तिथल्या एका बाईंनी लोणच्याची रिकामी बाटली तिला दिली होती. पुढच्याच वर्षी आमच्या खाचरावर मुरूम पडला. आता तिथे लांबलचक निळ्या पत्र्याची शेड आहे आणि तिला प्लॉट नंबर आहे. आमच्या शेताचं नाव आता कुठल्या कागदावर नाही. एका चिठ्ठीवर होतं.

तर मी त्या दिवशी सहकाऱ्याला बोलू नये ते बोलले. तो ऐकून घेत उभा राहिला. प्राचार्यांकडे गेले, ते म्हणाले की झालं ते झालं, श्रेणी मिळाली ना, आता वाद नको. बैल गेला आणि झोपा केला एवढंही त्यांना करायचं नव्हतं. 

हे एवढ्यावर विझलंही असतं. पण थंडीच्या सुरुवातीला मला एका संशोधकाचा फोन आला. तो याच लहान बेडकांच्या गटावर काम करतो आणि जुन्या बरण्यांच्या शोधात कॉलेजं पालथी घालत होता. त्याने मला त्याचं घोडं कुठे अडलंय ते सांगितलं. या भागात त्याला या लहान बेडकांतल्याच दोन जाती भेटतात. मोठ्या चणीची सगळीकडे आहे, गटारातसुद्धा. लहान चणीची फक्त डोंगराच्या पलीकडच्या उतारांवर मिळते. ती पूर्वी अलीकडच्या सपाटीवरही होती का, की ती मुळातच डोंगरापलीकडची? सपाटी आता भरली. जुना पुरावा कुणाकडे नाही. त्यावर त्या जातीचं घर केवढं होतं आणि त्यातलं किती गेलं ते ठरणार होतं.

“तुमच्याकडे खाचरातले जुने नमुने असतील तर सोनं आहे, मॅडम,” तो म्हणाला. “फक्त ठिकाण पाहिजे.”

मी म्हटलं, आहेत. मला थोडा वेळ द्या. ठिकाण कुठून आणणार हे मला माहीत नव्हतं. पण हे मी सोडणार नव्हते, एवढं फोन ठेवतानाच ठरलं. मी आमच्या शेताला परत नांगरू शकत नाही, पण तिथे कोण राहत होतं हे जगाच्या नकाशावर एका ठिपक्याने का होईना लिहून ठेवायचं, यासाठी मला कुणाची परवानगी लागत नव्हती.

सेमिस्टरच्या परीक्षा संपल्यावर मी बरणी उघडली. खिडक्या उघड्या, पंखे चालू, तरी डोळ्यांतून पाणी. पांढऱ्या ट्रेमध्ये बेडूक काढून ओळीने मांडले. रंग तर केव्हाच उडालेला, सगळे सुपारीच्या रंगाचे झालेले. त्यामुळे रंगाचा काही उपयोग नाही, पायच बघायचे. पहिल्याच सकाळी सहकारी दाराशी येऊन उभा राहिला. मी त्याला आत ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, एक ट्रे पुढे सरकवला. त्याने बाह्या दुमडल्या. दुपारपर्यंत मला कळलं की बोटांमधला पडदा बघण्यात त्याची नजर माझ्यापेक्षा तेज आहे. मला चष्मा काढून भिंग लावावं लागतं, तो नुसता उजेडात धरून सांगायचा.

मागच्या पायाचं बोट घ्यायचं, हलकेच पसरायचं, पडदा अर्ध्यावर थांबतो की पुढे जातो ते बघायचं. मग टाचेजवळचा उंचवटा. मग मापं. पहिल्या दिवशी आम्ही दोघे सारखे भांडत होतो, हा इकडचा की तिकडचा. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर भांडण कमी झालं, कारण हात शिकतात. शेवटी ट्रेमध्ये तीन गट झाले. मोठ्या चणीचे पुष्कळ. लहान चणीचे थोडे. आणि तिसरा गट ज्यांचे पाय गळून गेले होते त्यांचा. त्यांच्याबद्दल काही बोलण्यासारखं नव्हतं.

म्हणजे छापील लेबलवर जे एकच ताजं नाव होतं ते सगळ्यांना लागू नव्हतंच. सहकाऱ्याने ते लेबल स्वतःच्या हाताने सोलून काढलं.  खरं सांगायचं तर बरं वाटलं.

पण ठिकाण? जात ओळखली तरी ठिकाण काही बेडकाच्या पायावर लिहिलेलं नसतं. सहकारी म्हणाला, आता पुढे काय मॅडम?

उत्तर एका हट्टी बेडकाने दिलं. लहान चणीचा होता, आणि तो ट्रेमध्ये सरळ बसेना. कितीही दाबा, एका कुशीवर कलंडायचा. उचलून पाहिला तर त्याची उजवी बाजू पाटासारखी सपाट, आणि पाठ नीट काटकोनात मोडलेली. फॉर्मॅलिनमध्ये मांस कडक होतं, आणि ज्या आकारात कडक झालं तो आकार मग सुटत नाही. हा बेडूक कोपऱ्यात कडक झाला होता. गोल बाटलीला कोपरा कुठला?

मी विचारलं, जुन्या बाटल्या टाकल्या का?

नव्हत्या टाकल्या. बेसिनच्या खाली खोक्यात होत्या, धुऊन, पालथ्या घातलेल्या. आपला माणूस लिहिलेली चिठ्ठी फेकेल, पण रुंद तोंडाची रिकामी बाटली फेकायला त्याचा हात धजत नाही. मला हसू आवरेना. सहकारीही हसला, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच मोकळेपणी.

मग एक विलक्षण काम सुरू झालं. बेडूक बाटल्यांत बसवून बघायचं. जॅमच्या बुटक्या बाटलीत कडक झालेला गुडघे पोटाशी घेऊन बसलेला असतो. उंच निमुळत्या बाटलीतला हात वर करून उभा. एक जण मधाच्या बाटलीच्या आठ बाजूंपैकी दोन बाजू पाठीवर घेऊन आला होता, आणि त्या बाटलीत टाकल्यावर कुलपात किल्ली बसावी तसा बसला. बऱ्याच बाटल्या एकसारख्या होत्या, त्यांचं काही करता येत नव्हतं. पण वेगळ्या होत्या त्यांच्या मालकांचा शोध घेता येणार होता. मी आमच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले आणि विचारलं, तुमच्या घरची बाटली कुठली? लग्नाच्या वाढदिवसाला जेवढे मेसेज येत नाहीत तेवढे आले. दुधात घालायच्या पावडरीच्या बाटलीवर एकदम पाच जणांनी हक्क सांगितला. एकीने तर तशाच बाटलीचा फोटो पाठवला, तिच्या स्वयंपाकघरातला, आत हळद. चार-पाच बाटल्या मात्र निर्विवाद निघाल्या. मालक ठरले, मालकांवरून गावं ठरली, आणि गावाबरोबर बेडूक घरी गेले. त्या सगळ्यांत लहान चणीचा एकही नव्हता.

लहान चणीचे जे काही होते त्यांतला बाटलीचा स्पष्ट ठसा असलेला एकच, तो काटकोनातला. त्याच्यासारखाच काटकोनात मोडलेला दुसरा एक बेडूक होता, पण तो मोठ्या चणीचा. आणि खोक्यात चौकोनी बाटल्या दोन होत्या. त्याच लोणच्याच्या, त्याच मापाच्या.

एक माझी. दुसरी कुणाची तेही ग्रुपवर कळलं. माझ्याच वर्गातली एक मैत्रीण, डोंगरापलीकडच्या गावची, शीळच्या बाजूची.

इथे मी थोडी थांबून सांगते, म्हणजे माझी काय अवस्था झाली ते कळेल. लहान बेडूक माझ्या बाटलीतला असेल, तर आमच्या सपाटीवर ती जात होती, आमच्या खाचरात होती, आणि निळ्या शेडच्या जागी तिचं घर होतं. तो मैत्रिणीच्या बाटलीतला असेल, तर तो डोंगरापलीकडचा, जिथे ती जात आजही आहे. मग त्यात नवीन काहीच नाही. दोन बेडूक, दोन बाटल्या, आणि कुठला कुणाचा ते सांगणारी चिठ्ठी महापालिकेच्या कचऱ्यात.

मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, अगं, मी तर तो हातातसुद्धा घेतला नव्हता, भावाने पकडून टाकला आणि झाकण लावून दिलं. लहान होता का मोठा? बेडकाएवढा होता, ती म्हणाली.

पण मला आठवत होतं. माझा लहान होता. मला अगदी दिसत होतं, माझ्या तळहातात तो पुरता मावला होता आणि बाप हसत होता. मी ठरवून टाकलं. संशोधकाला फोन लावायला घेतला, आणि सहकाऱ्याला म्हटलं, लिही चिठ्ठी, ठिकाण सांगते.

त्याने पेन्सिल हातात घेतली आणि खाली ठेवली.

“मॅडम, हे तुम्हाला आठवतंय, का तसं असावं असं वाटतंय?”

माझं टाळकं फिरलं. मी म्हटलं, चिठ्ठ्या टोपलीत टाकल्यास तेव्हा कुठे होता हा प्रश्न? तो लाल झाला. मान खाली गेली. पण पेन्सिल काही त्याने उचलली नाही.

“म्हणूनच विचारलं,” तो म्हणाला. “तेव्हा मी न विचारता लेबल लावलं होतं.”

मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. रागाने पायऱ्या उतरले, आणि खाली रस्त्यावर येईपर्यंत मला कळून चुकलं होतं की तो बरोबर बोलतोय, आणि त्याचाच मला जास्त राग येतोय.

मी सरळ आईकडे गेले. ती अजून गावठाणात राहते, चारी बाजूंनी बिल्डिंगा आणि मधे आमचं कौलांचं घर पत्र्याचं झालेलं. ऑपरेशननंतर तिला आता लांबची माणसंही ओळखू येतात आणि त्याचा तिला फार अभिमान आहे. मी मोबाइलवर तिला दोन्ही बेडकांचे फोटो दाखवले. आधी लहान. आये, हा आपल्या शेतातला का गं?

“आपलाच हाय,” ती म्हणाली. एका क्षणात.

 मग मी, का कुणास ठाऊक, मोठ्याचा फोटो पुढे केला. आणि हा?

“ह्यो पन आपलाच.” तिने मोबाइल माझ्या हातात परत दिला. “शेत व्हता तवा सगलाच आपला व्हता.”

मी तिच्याजवळ बसून राहिले. तिला बेडकाशी काही देणंघेणं नव्हतं, ती शेताबद्दल बोलत होती. आणि मीही गेले कित्येक दिवस तेच करत होते, हातात भिंग आणि मोजपट्टी घेऊन. माझ्या तळहातात मावलेला तो बेडूक मला दिसत होता, खरंय. पण तळहातात दोन्ही मावतात. मला बाप हसताना दिसत होता, आणि त्याच्यासाठी मला तो बेडूक लहान हवा होता. मला तेव्हा रडू आलं, आईसमोरच. तिने चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः चिठ्ठी लिहिली. जाड कागद, पेन्सिल, थोरले सर लिहायचे तशी. गाव लिहिलं. शिवाराचं नाव लिहिलं, जे आईला आणि मला सोडून आता फारसं कुणाला माहीत नाही. ‘भातखाचर, पावसाचं साचलेलं पाणी.’ आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मैत्रिणीचं गाव लिहिलं, त्याच्याही पुढे प्रश्नचिन्ह काढलं. दोन्ही ठिकाणं एकाच चिठ्ठीवर. दुसऱ्याच्या हातून चिठ्ठी गेली तेव्हा मी आकाशपाताळ एक केलं होतं. आता माझ्या हाताने खोटी चिठ्ठी लिहिली असती तर मी त्या छापील लेबलांपेक्षा वाईट काम केलं असतं. निदान ती लेबलं अडाणीपणाने लागली होती. हे सगळं मला पटत होतं, आणि तरी ते चिन्ह काढताना मी शेत दुसऱ्यांदा कुणाला तरी देतेय असं वाटलं.

संशोधकाला मी सगळं सांगितलं, बाटल्यांसकट.  तो म्हणाला की असंच लिहू, प्रश्नचिन्हासह. आणि त्या पायथ्याला कुठे एखादा ओला तुकडा उरला असेल, तर पाऊस पडला की जिवंत शोधायला हवा. जिवंत सापडला तर जुन्या नमुन्यावर काही अवलंबून राहणार नाही. आणि नाहीच सापडला तर? मी विचारलं. नाही सापडला यावरून नव्हता असं म्हणता येत नाही, तो म्हणाला. या शास्त्रात माणसाला सुटका नाही.

पाऊस सुरू होऊन भाताच्या लावण्या लागायच्या सुमाराला त्याने कच्चा तक्ता पाठवला. जातीवार ओळी, प्रत्येक ओळीत ठिकाणं. लहान चणीच्या ओळीत डोंगरापलीकडची सगळी गावं एकाखाली एक, आणि तळाशी आमचं. मी त्याचा कागद काढला आणि रविवारी आईला नेऊन दाखवला. ती शाळेत गेलेली नाही. त्यातून मजकूर इंग्रजी. मी आमच्या गावाच्या नावावर बोट ठेवून दिलं. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. मग नावाच्या शेवटी असलेल्या त्या आकड्यासारख्या वळणावर नख टेकवलं.

“हा कना हाय?”

मी सांगितलं, हे प्रश्नचिन्ह, याचा अर्थ नक्की नाही. तो बेडूक आपल्या शेतात होता की नव्हता, ते मला नक्की सांगता येत नाही.

आईने कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

“मंग नक्की कर,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेवटचा तास संपल्यावर मी गमबूट घातले. महापेच्या बाजूला, कारखान्यांच्या शेवटच्या भिंतीमागे आणि डोंगराच्या अलीकडे, पाणी साचून राहतं अशी एक पट्टी आहे. दिवे लागायच्या आधी तिथे पोचायचं होतं. सहकारी गेटपाशी रेकॉर्डर घेऊन उभा होता. त्या संध्याकाळी आम्हाला मोठ्या चणीचेच ऐकू आले. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही परत गेलो.